क्षयी ठरवलेला बोकड

ज्या साहेबाने माझ्या आत्याचा बोकड खाल्ला, त्याला पुढे बढती मिळाली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. शेवटी त्याला काहीतरी शिक्षा झाली असेल, अशा आशेवर कुणी हे वाचायला नको. शिक्षा झाली ती आम्हाला. गोष्ट आता खूप जुनी झाली, त्यातली बहुतेक माणसं गेली. पण माझा राग तेवढा जुना झालेला नाही.

आत्या मानपाड्याला राहायची. तिचा नवरा कल्याणच्या रेल्वे यार्डात कामाला होता. तो आजारपणात गेला, तेव्हा तिने जुन्नरकडच्या आमच्या गावी परत यावं असं सगळ्यांनी सुचवलं. ती आली नाही. "भावाच्या दारात तुकडे मोडत बसायला मी काय लुळीपांगळी हाये?" असं म्हणाली आणि मानपाड्यात एका खळ्याच्या कडेची जागा भाड्याने घेऊन शेळ्या पाळू लागली. स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मला डोंबिवलीच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि वडिलांनी मला तिच्याकडे राहायला पाठवलं. तेव्हा मी विशीतली होते. डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या आजूबाजूची थोडी घरं आणि पलीकडे भातखाचरं. मानपाड्याहून शाळेपर्यंत बांधावरून चालत जायचं. सकाळी निघताना माझ्या एका हातात वह्या आणि दुसऱ्या हातात दुधाची बरणी असायची. वाटेतली ठरावीक घरं शेळीचं दूध घ्यायची. कुणाकडे गाईचं दूध न पचणारं मूल असायचं, कुणाकडे आजारातून उठलेलं माणूस.

आत्या फार हुशारीने शेळ्या पाळायची असं मी म्हणणार नाही. तिचं आपलं मनावर चालायचं. एक शेळी दरवर्षी गाभ टाकायची, तरी केवळ तिचे डोळे चांगले आहेत म्हणून आत्याने तिला विकली नव्हती. गावाकडून आणलेल्या तिच्या शेळ्या दूध बरं द्यायच्या, पण इकडच्या पावसाळ्यात खोकून खोकून अर्ध्या व्हायच्या, खुरं कुजायची. मानपाड्यातल्या इतर बायकांच्या शेळ्या ठेंगण्या, काटक. पावसाला दाद द्यायच्या नाहीत, पण दूध करडांनाच जेमतेम पुरायचं. दोन्हींची सरमिसळ व्हायची ती आपोआप, कुणी ठरवून केलेली नव्हती.

मग एक गुरांचा डॉक्टर आला. नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, सायकलवरून फिरणारा. आमच्या भागात शेळ्या-मेंढ्यांची जात सुधारण्यासाठी एक केंद्र निघालं होतं. त्याची शेड ठाण्याला कोपरीत होती आणि कल्याण-डोंबिवलीकडची गावं या डॉक्टरकडे दिलेली होती. पहिल्यांदा आला तेव्हा आत्याने त्याला दारातच उभं केलं.  खळ्यात बांधलेल्या एका मरतुकड्या बोकडाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "मावशी, हा का ठेवलाय?"

"माजावर आलेल्या शेळ्यांना नको का कुणी?"

"याचा भाऊ असेल ना एखादा? याच वेताचा?"

"होता की. चांगला थोराड होता. बकरी ईदला गेला."

"म्हणजे चांगला वाढला तो सुरीखाली गेला आणि जो वाढलाच नाही, त्याला तुम्ही सगळ्या करडांचा बाप केलात. दरवर्षी असंच करता ना?"

आत्या दारातून बाजूला झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा टाक गं."

त्या दिवसापासून तिला एक ध्यासच लागला. मी शाळेत शिकवणारी, पण नवीन गोष्ट शिकल्यावर माणूस कसं बदलतं ते मी आत्याकडे पाहून शिकले. डॉक्टरने तिला सांगितलं ते अगदी साधं होतं. कुठल्या शेळीने किती दूध दिलं ते मापून लक्षात ठेवायचं. सगळ्यात दुधाळ आणि पावसाळ्यात न खोकणाऱ्या शेळीचाच बोकड राखायचा. बाकीचे लहानपणीच खच्ची करायचे. आणि आपला बोकड आपल्याच लेकींवर सोडायचा नाही, शेजारच्या पाड्याशी अदलाबदल करायची. आत्याने मानपाड्यातल्या बायका गोळा केल्या. त्यांच्याशी भांडली, त्यांची मनधरणी केली, एकीशी तर महिनाभर अबोला धरला. पण शेवटी त्या तयार झाल्या. ती डोळे चांगले असलेली शेळीसुद्धा तिने विकली. त्या दिवशी ती जेवली नाही.

तिच्या एका काळ्या शेळीला, जी गावाकडच्या आईची आणि इकडच्या बापाची होती, दोन बोकड झाले. त्यातला एक डॉक्टरने राखायला सांगितला. काळाभोर, एक कान पांढरा. खाटीक दरवेळी यायचा, त्याच्या पाठीवर हात फिरवायचा, आणि आत्या त्याला हाकलून द्यायची. सगळ्या बायका आळीपाळीने त्याला चारा घालायच्या, कारण तो सगळ्यांचाच होता. दोन पावसाळे त्याने खोकल्याशिवाय काढले. त्याच्या पहिल्या लेकी मोठ्या होऊन गाभण राहिल्या तेव्हा आत्या रोज त्यांच्या कासेला हात लावून बघायची. "आता कळंल," म्हणायची. या लेकी आयांपेक्षा जास्त दूध देणार की नाही, यावर इतक्या वर्षांची खटपट खरी की खोटी ते ठरणार होतं.

नेमकी त्याच सुमाराला डॉक्टरची घाटावर बदली झाली. जाताना तो म्हणाला, "मावशी, काही झालं तरी हा बोकड विकू नका. या लेकी व्याल्या की मला कळवा." त्याच्या जागी जो साहेब आला, त्याला मी मानपाड्यात एकदाच पाहिलं. जीपमधून उतरला, बुटाला चिखल लागेल म्हणून खळ्यात आला नाही, रस्त्यावरूनच बघितलं. आत्याने बोकड त्याच्यापुढे नेला. तिला वाटलं, तोही पाठीवर हात फिरवून, दात बघून काही विचारील. तो एवढंच म्हणाला, "वजन किती भरेल?"

मला तेव्हाही तो प्रश्न खटकला होता. आत्याला खटकला नाही. तिला वाटलं, साहेब माप विचारतो म्हणजे जाणता आहे.

दिवाळीनंतर ठाण्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं. केंद्राकडून निरोप आला की मानपाड्याचा बोकड आणावा. मी शाळेतून रजा घेतली. आमच्याकडून गवताच्या गाठी भरून ट्रक ठाण्याकडे जायचे, त्यातल्या एकावर आम्ही बसलो. आत्या, मी आणि बोकड. शिळफाट्यावरून मुंब्र्याच्या डोंगराखालून, कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून ठाण्यात पोचलो. आत्याने नवं लुगडं नेसलं होतं आणि गवतात बसून त्याची पार दशा झाली होती, पण ती वाटभर खूश होती. प्रदर्शनात बोकडाला पहिला नंबर मिळाला. केंद्राच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून आमच्याच भागातला एक बडा जमीनदार होता, त्याने बोकडाच्या गळ्यात हार घातला आणि भाषणात आत्याला 'आदर्श भगिनी' म्हटलं. आत्याला त्या शब्दाचा अर्थ मी समजावून सांगितला.

मग साहेब आत्याकडे आला. "बाई, बोकड आठवडाभर इथेच राहू द्या. कोपरी-कळव्याच्या शेळ्यांनाही फायदा होऊ दे. नुसतं मानपाडा मानपाडा करून देश कसा सुधारणार?"

आत्याने दावं त्याच्या शिपायाच्या हातात दिलं. आनंदाने दिलं. अदलाबदल करायची असते, हेच तर डॉक्टरने तिला शिकवलं होतं.

आठवड्याने ती एकटीच ठाण्याला गेली. शिपाई म्हणाला, साहेब नाहीत, नंतर या. पुन्हा गेली तर म्हणाला, बोकड कळव्याला पाठवलाय. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. तेव्हा साहेब भेटला. खुर्चीतून न उठता त्याने सांगितलं, "तुमचा बोकड मेला. त्याला क्षय होता. आम्ही पुरून टाकला. तुम्हाला काही त्रास नको म्हणून कळवलं नव्हतं."

आत्या मटकन खाली बसली. मी विचारलं, "क्षय होता हे कशावरून कळलं?"

"तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात का?"

"नाही. शिक्षिका आहे."

"मग मुलांना शिकवा."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर आम्ही रडून गप्प बसलो असतो. गरिबाचं जनावर गेलं की तो दुसरं काय करतो? पण खोट्याला आधार द्यायला आणखी खोटं लागतं. बोकड क्षयाने मेला असं एकदा ठरल्यावर त्याचा कळपही संशयित ठरवणं भाग होतं, नाहीतर कुणीतरी विचारलं असतं. थोड्याच दिवसांत मानपाड्यात आणि डोंबिवलीत दवंडी पिटली गेली. मानपाड्याच्या शेळ्यांचं दूध कुणी पिऊ नये. त्या बोकडाची करडं पैदाशीला ठेवू नयेत. मी वर्गात मुलांकडून पाढे म्हणून घेत होते आणि खिडकीतून ती हाळी ऐकू येत होती. मुलांनी पाढे थांबवून माझ्याकडे बघितलं.

क्षय हा शब्द तेव्हा केवढा होता, ते आजच्या माणसाला सांगून कळायचं नाही. क्षयाच्या माणसाचं ताट वेगळं, कपडे वेगळे, त्या घरातल्या मुलीचं लग्न जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन निघाले तर एकाही घरात ती रिकामी झाली नाही. एका बाईने दार अर्धंच उघडलं. चांगली शिकलेली, नवरा फोर्टात ऑफिसात. तिचं धाकटं मूल आमच्याच दुधावर उभं राहिलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जाणूनबुजून तर केलं नसेल. पण आमच्या मनाला किती घोर लागला याची तुम्हाला कल्पना आहे?" मला तिचा घोर समजत होता. पण मला अजून आठवतो तो तिचा आवाज नव्हे, तिचा हात. मी वाजवलेली दाराची कडी पदरात धरून तिने दार ओढून घेतलं होतं.

शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सभ्य माणूस होता. "पालकांची कुजबूज चालली आहे. तुम्ही त्याच घरात राहता. थोडे दिवस घरीच थांबलात तर बरं." मी म्हटलं, "सर, मला काही झालेलं नाही." ते म्हणाले, "तेच तर, काही होण्याआधीच." मी घरी थांबले.

घरी बसून मी जे पाहिलं, ते न पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मानपाड्यातल्या बायका घाबरल्या. कुणाची सासू म्हणाली, कुणाचा नवरा म्हणाला, ही ब्याद दारात नको. खाटीक आला. हाच खाटीक, ज्याला आत्या हाकलून द्यायची. त्याने काळ्या बोकडाच्या लेकी दावणीवरून सोडवायला सुरुवात केली. गाभण होत्या त्याही नेल्या. त्यांचं दूध प्यायला बंदी होती, मटणाला नव्हती. दवंडीत मटणाचं कुणी नावच काढलं नव्हतं. मी त्या खाटकाला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "ताई, क्षयाच्या जनावराची पाठ अशी असते का? पण लोक विकतात, मी घेतो." आत्याच्या घराला घर लागून राहणारी एक बाई दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, घेऊन त्याच्याकडे निघाली, तेव्हा आत्या आडवी उभी राहिली. दोघींची झोंबाझोंबी झाली. त्या बाईने आत्याला ढकललं आणि ओरडली, "तुझ्या डॉक्टरानं आमच्या पोरांचा जीव धोक्यात घातला." ही तीच बाई, जी बोकडासाठी सगळ्यांत कोवळा पाला आणायची.

आत्याने आपल्या शेळ्या विकल्या नाहीत. दूध काढायची आणि मातीत ओतायची. काळ्याच्या लेकींपैकी तिच्या तीन पाठी तेवढ्या राहिल्या.

एक दिवस ती म्हणाली, "कुठं पुरला ते तरी बघून येऊ." मला ते पटलं नाही, पण घरात बसूनही जीव गुदमरत होता. आम्ही कोपरीला गेलो. केंद्राच्या शेडमागे मोकळी जागा होती, पण कुठे उकरल्याची खूण नव्हती. पलीकडच्या कुडाच्या घरापुढे एक बाई बसली होती, कोपरीतलीच, जुन्या वस्तीतली. तिच्या अंगणात दोन शेळ्या होत्या. आम्ही काय शोधतोय ते तिने विचारलं. आत्याने सांगितलं.

ती बाई उठून पुढे आली. "पुरला? कंचा पुरला? एक कान पांढरा, तोच ना?"

"तोच."

"माजी शेली त्याला दाखवायची म्हनून मी थांबलेली. दुसरे दिवशी बघते तर साहेबाकडं जेवान. मोटी मोटी मानसं आलेली. मी सोता पाट्यावर वाटन वाटलाय. कातडा त्या कुंपनावर वालत होता." मग एकदम तिला आपण काय बोललो ते कळलं असावं. "माजा नाव नको घेव गो बाय. मना हितंच ऱ्हायचाय."

आत्याने तिचा हात धरला आणि म्हणाली, "नाय घेणार."  परतताना कळव्याच्या पुलावर आत्या एकदाच थांबली आणि खाडीत थुंकली.

मला तोपर्यंत वाटत होतं की साहेब मूर्ख आहे. मूर्ख माणसाचा इतका राग येत नाही. पण या माणसाला सगळं माहीत होतं. बोकड धडधाकट होता हे माहीत असल्याशिवाय त्याने तो पाहुण्यांच्या ताटात वाढला नसता. आणि तरी त्याने आमच्या गावात दवंडी पिटवली, गाभण पाठी सुरीखाली जाऊ दिल्या. एका जेवणाची गोष्ट झाकायला.

थोड्या दिवसांनी कमिटीची सभा डोंबिवलीत आमच्याच शाळेच्या पटांगणात झाली. अध्यक्ष आले, साहेब आला, आसपासचे शेतकरी आणि शेळ्यामेंढ्यांवाले आले. आत्या आणि मी मागे जाऊन उभ्या राहिलो. लोक आमच्यापासून दूर सरकले. साहेबाने भाषण केलं. या भागातलं जनावर निकस आणि रोगट आहे, इथल्या अडाणी लोकांनी क्षयी बोकड वापरून पैदास नासवली, म्हणून आता उत्तरेकडून उंच जातीचे बोकड आणणार, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'नासवली' हा शब्द ऐकला आणि मी पुढे गेले. 

मी साहेबाकडे बघितलंच नाही. अध्यक्षांना विचारलं, "प्रदर्शनानंतर साहेबांच्या घरी जेवण झालं, तेव्हा आपण होता का?"

ते हसले. "होतो की. उत्तम झालं होतं जेवण. का?"

"मटण कुठल्या बोकडाचं होतं?"

"ते मला कसं ठाऊक? साहेबांना विचारा."

साहेब उभा राहिला. "ही काय जागा आहे का असले प्रश्न विचारायची?"

आता आत्या पुढे आली. ती भाषण करणारी नव्हे. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "माझा बोकड होता तो. एक कान पांढरा. कातडं कुंपणावर वाळत होतं."

"खोटं आहे. तो पुरला."

"मग खड्डा दाखवा," मी म्हटलं. "आत्ता चला. आणि खड्डा नसेल तर मला एवढंच विचारायचंय. आमच्या शेळ्या त्याच्या दावणीला बांधल्या होत्या म्हणून आमचं दूध बंद झालं. मी त्या घरात राहते म्हणून माझी शाळा बंद झाली. ज्यांनी तो क्षयी बोकड खाल्ला, त्यांचं काय करायचं?"

 अध्यक्षांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. ते साहेबाकडे वळले. "तोच बोकड होता का हा?"

साहेब समोरचे कागद आवरायला लागला.

"मी विचारतोय, तो बोकड क्षयाचा होता की नव्हता?"

हो म्हणावं तर अध्यक्षांना क्षयी मटण वाढलं, नाही म्हणावं तर दवंडी खोटी. साहेबाच्या कपाळावर घाम आला. शेवटी तो म्हणाला, "लक्षणं संशयास्पद होती. तपासणी व्हायला हवी होती."

"मग करा की तपासणी," अध्यक्ष ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "उद्याच्या उद्या करा."

आणि तपासणी झाली. हे आठवलं की अजूनही मला हसावं की काय करावं ते कळत नाही. शेळ्यांच्या कातडीत सुई टोचून क्षय आहे का ते बघता येतं. हे साहेबाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतके दिवस मानपाड्याच्या बायकांसाठी त्याला ती सुई सापडली नव्हती. अध्यक्षांच्या छातीत धडकी भरल्यावर ती लगेच सापडली. मुंबईहून दुसरा एक डॉक्टर आला, आत्याच्या राहिलेल्या शेळ्यांना सुया टोचल्या, दोनतीन दिवसांनी परत येऊन बघितलं. टोचल्या जागी गाठ आली तर क्षय; एकीलाही गाठ नव्हती. अध्यक्षांनी स्वतःच्या छातीचा फोटो इस्पितळात काढून घेतला, असं नंतर ऐकलं. तोही स्वच्छ निघाला.

मला वाटलं होतं, आता उलटी दवंडी पिटतील. तशी कुणी पिटली नाही. शिपाई येऊन सांगून गेला, "दूध विकायला हरकत नाही." एवढंच. मुख्याध्यापकांनी मला परत बोलावलं आणि म्हणाले, "झालं गेलं विसरा." अर्ध्या दारातून बोलणाऱ्या त्या बाईने पुन्हा दूध लावलं नाही. म्हणाली, "एकदा मनात आलं ते आलं." साहेबाची बदली झाली, ती वरच्या जागेवर. त्याच्या निरोपसमारंभाला अध्यक्ष हजर होते. दोघांना एकमेकांना सांभाळून घेण्यातच शहाणपण होतं. उत्तरेकडचे उंच बोकड खरोखरच आले. लांब कान, रुबाबदार. आमच्या पावसाळ्यात ते शेडमध्ये बसून खोकत राहिले.

आत्याच्या त्या तीन पाठी व्याल्या. तिघीही आयांपेक्षा चांगलं दूध द्यायला लागल्या. डॉक्टरचं बरोबर होतं. विकल्या गेलेल्या पाठीही अशाच निघाल्या असत्या, हे मानपाड्यातल्या प्रत्येक बाईला त्या दिवशी कळलं. जिने आत्याला ढकललं होतं, ती येऊन उंबऱ्यात बसली आणि पदर तोंडात धरून रडली. आत्याने तिला पुढच्या वेताची एक पाठ दिली. मला ते आवडलं नाही, मी तसं बोलूनही दाखवलं. आत्या म्हणाली, "तिला कुणी घाबरवलं ते तुला ठाऊक हाये ना? मग तिच्यावर कशाला दात खाते?"

काही वर्षांनी तो पहिला डॉक्टर पुन्हा आमच्या भागात आला. थोडा जाडावला होता, पण सायकल तीच. त्याला सगळं कळलेलं होतं. खळ्यात उभा राहून म्हणाला, "मावशी, पुन्हा सुरुवात करू. तुमच्याकडे त्या काळ्याच्या वंशातला एखादा बोकड राहिलाय का?"

"नाय राहिला," आत्या म्हणाली.

राहिला होता. काळ्याच्या लेकीचा बोकड, दुसऱ्या पाड्यातल्या बापाचा, बायकांनी निवडून राखलेला. साहेब लोक यायचे तेव्हा तो शेजारणीच्या मागच्या पडवीत बांधलेला असायचा. त्या दिवशीही तो तिथेच होता. माजावर आलेल्या बोकडाला जो उग्र वास येतो, तो अख्ख्या खळ्यात पसरला होता. गुरांच्या डॉक्टरला तो कळला नसेल, हे शक्यच नाही. त्याने एकदा पडवीकडे बघितलं, एकदा आत्याकडे. मग चहा संपवला, "बरं, येतो मावशी," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

तो गेल्यावर मी आत्यावर चिडले. "निदान याला तरी सांगायचं होतंस. यानेच तर शिकवलं तुला."

आत्या भांडी विसळत होती. म्हणाली, "तो चांगलाच हाये. पण त्याची बदली झाली मंजी?"

 केंद्राच्या वार्षिक सभेत पुढे एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं, कुणीतरी नवा अधिकारी सांगत होता की मानपाड्याचे लोक सुधारणेला विरोध करतात, त्यांना जुनंच बरं वाटतं. शेजारी बसलेल्या माणसाने मान डोलावली. मी उठून बाहेर आले. बाहेर ऊन होतं आणि कुणाच्या तरी शेळ्या पटांगणाच्या कडेचं कुंपण खात होत्या.